अजिंठ्याचं काळं पान

मुलांची सहल लेण्यांना नेली की जागोजागी पाटी असायची, ‘हात लावू नका’. म्हणून फारूखनं आणि मी आमच्या वेबसाईटचं नाव ‘हात लावा’ ठेवलं.

ही दोन हजार एकच्या आसपासची गोष्ट. मी शाळेत चित्रकला शिकवायचो. फारूखचं औरंगपुऱ्यात सायबर कॅफे होतं. दर महिन्याला तो फ्लॅश नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये एक पान बनवायचा, माउस फिरेल तसं हलणारं. खाली मी लिहायचो, मुलाचा हात आधी कुठं जातो, का जातो, कुठं अडतो. उजव्या बाजूच्या खालच्या कोपऱ्यात फारसं कुणी फिरकत नाही, हेही मी तिथंच लिहिलं होतं. वाचणारे थोडे. पुण्याची दोन-चार पोरं, इंदूरचे एक मास्तर.

आमचा नियम एकच. पानावर सूचना लिहायची नाही. नवं पान झालं की कॅफेत एखाद्या मुलाला बसवायचं आणि आम्ही दोघांनी मागं गप्प उभं राहायचं. मूल अडलं तर चूक पानाची. जो आधी बोलेल त्यानं चहा पाजायचा. शिक्षकाला गप्प बसणं कुठलं जमायला? चहा बहुतेक मीच पाजला.

सगळ्यात गाजलं ते अजिंठ्याचं पान. पूर्ण पडदा काळा. माउस फिरवला की तेवढ्या गोलात उजेड पडायचा. कधी हत्तीची सोंड, कधी कमळ, कधी कुणाची तरी बोटं. चित्रं माझी होती. आमचं एकदाच कडाक्याचं भांडण झालं, तेही या पानावरून. मी म्हणालो, “पोरगं सगळीकडं फिरलं की शेवटी सगळं लेणं उजळू दे. बिचाऱ्याला काहीतरी मिळू दे.”

“नाय सर,” फारूख म्हणाला. “माणसाला तुकडा तुकडाच दिसतं. बाकीचं त्यानं डोक्यात जोडायचं.”

त्याचंच खरं झालं.

पुढं ज्याच्यात्याच्या हाती मोबाईल आले, कॅफे बंद पडलं, फ्लॅशही गेलं. फारूखनं जुने संगणक भंगारात दिले. पानांच्या मूळ फायली त्यांतच होत्या. साईटवर पान आहे ना, मग झालं, असं आम्हा दोघांनाही वाटलं. एका जुन्या विद्यार्थ्यानं मध्यंतरी काहीतरी खटपट करून ती पानं पुन्हा चालू करून दिली. पण आहेत तशी चालतात, एवढंच. आत काही बदलायचं तर मूळ फाईल लागते, असं तो म्हणाला.

गेल्या महिन्यात फारूखची मुलगी अरफा घरी आली. उभ्याउभ्याच बोलू लागली.

“चाचा, अब्बूंना काचबिंदू झालाय. गेलेली नजर परत येत नाही, आणि उरलेलीही टिकणार नाही म्हणतात डॉक्टर. अब्बूंचं एकच चाललंय, अजिंठ्याचं पान एकदा बघायचंय. मी मोबाईलवर लावून दिलं. त्यांनी बोट फिरवलं आणि त्यांना नुसतं काळं दिसलं. त्यांना वाटलं, डोळेच गेले. रडले हो.”

मी तिचा मोबाईल घेतला, बोट टेकवून पाहिलं. उजेड पडत होता, पण बोटाखालीच झाकला जात होता.

दुसऱ्या दिवशी लॅपटॉप आणि वायरचा माउस घेऊन मी रोशन गेटला त्यांच्या घरी गेलो. फारूख खुर्चीत सावरून बसला. मी सवयीनं मागं उभा राहिलो. त्याला उरलेली नजर म्हणजे मधोमध एक छोटा गोल. पडद्यावरही छोटाच गोल. दोन्ही एका जागी येईनात. तो माउस फिरवायचा, उजेड एकीकडं जायचा, डोळे दुसरीकडं.

“डावीकडं, फारूख. वर.”

“बोललात सर! चहा तुमच्याकडं.”

“करायचा मी आणि नाव सरांचं!” आतून त्याची बायको जहांआरा म्हणाली.

मग एकदाचं त्याला सापडलं. तो पडद्याला नाक लावून बघत राहिला. “हे बोट वाकडं काढलंय तुम्ही.”

“आज सांगतोस?”

“तेव्हा नोकरी जाईल असं वाटलं,” तो म्हणाला. कॅफे त्याचंच होतं. आम्ही हसलो.

मग त्यानं पडद्यापासून तोंड मागं घेतलं. “सर, मला आता सगळं असंच दिसतं. अरफाचं तोंडसुद्धा. नाक बघावं तर डोळे जातात. तुमचं बरोबर होतं. शेवटी उजळायला पाहिजे होतं. आज करा ना तेवढं.”

“नाही करता येत. मूळ फाईल नाही आपल्याकडं.”

“व्हय. भंगारात मीच घातली.” त्यानं माउस सोडला. “मग तोंडानं सांगा. कुठं काय आहे ते.”

मी सांगू लागलो. वर हत्ती, त्याच्या पायाशी तळं, तळ्यात कमळं, काठावर वाकलेली बाई. अरफा माझ्या बोलण्याच्या मागोमाग माउस फिरवत होती. फारूखनं डोळे मिटून घेतले होते. तो मान हलवत एकेक जोडत होता. चहा आला, तो तसाच राहिला.

“आणि खाली उजवीकडं?” त्यानं विचारलं.

अरफानं माउस तिथं नेला आणि माझ्याकडं पाहिलं. तिथं कुणी जात नाही म्हणून मी काही काढलंच नव्हतं.

“तिथं काळंच आहे, फारूख.”

त्यानं डोळे उघडले आणि पडद्याच्या दिशेनं तोंड वळवलं.

“तेवढं बरोबर दिसतंय,” तो म्हणाला.