उदाहरणादाखल

आमच्या पुढच्या खोलीच्या खिडकीतून रुग्णालय दिसतं. मधे फक्त मोठा रस्ता आहे. समोरच्या पेशंटने कूस बदलली तरी आपल्याला कळेल, असं बाबा म्हणायचे. घराखालीच त्यांचं मोटारी वाइंडिंग करायचं दुकान होतं. लोक जळलेले पंखे, पाण्याचे पंप, मिक्सर आणून टाकत. बाबा आतली करपलेली तांब्याची तार सोडवून काढत, नवी गुंडाळत आणि वरून वॉर्निश ओतत. त्या वॉर्निशचा वास आमच्या घरातल्या पुस्तकांनासुद्धा यायचा. अजून येतो.

ते गेले तेव्हा मी कॉलेजात शिकवत होते. म्हणून मला जे माहीत आहे ते आईने सांगितलेलं आहे, आणि ती ते नेहमी त्याच क्रमाने सांगते. दुपारी जेवून ते खाली गेले. खालून हाक आली नाही, स्टूल पडल्याचा आवाज आला. आईने रुग्णवाहिका बोलावली. ती लवकर आली, ड्रायव्हर सभ्य होता, बाबा शुद्धीत होते. त्यांना आत घेतलं आणि गाडी समोरच्या रुग्णालयाकडे जायच्या ऐवजी डावीकडे वळली. पुढून वळसा घेऊन येणार असेल, असं आईला वाटलं. मग बाजार लागला. तिथे भाजीचा ट्रक रिकामा होत होता आणि त्याच्यामागे सगळंच थांबलं होतं. आईने ड्रायव्हरला विचारलं, तेव्हा तो म्हणाला की रस्त्याच्या अलीकडची वस्ती पुलापलीकडच्या रुग्णालयाच्या हद्दीत येते. समोर नेलं तर गेटवरून परत पाठवतात. त्याच्या बोलण्यात खोटं काही नव्हतं. ट्रक हलायच्या आत बाबा गेले.

पुढे असंही कळलं की हद्दीचा नियम फक्त सरकारी रुग्णवाहिकेला आहे. आम्ही त्यांना खुर्चीत बसवून, चौघांनी उचलून रस्ता ओलांडला असता, तर समोरच्यांनी मुकाट्याने दाखल करून घेतलं असतं. आईला मी हे सांगितलं नव्हतं. तिला ते शेजारणीने सांगितलं.

अर्ज करायची कल्पना नकाशेकाकांची. ते निवृत्त ड्राफ्ट्समन. जन्मभर पाणीखात्यात नळांचे आणि गटारांचे नकाशे काढले, म्हणून गल्लीने त्यांचं नाव ठेवलं. बाबांकडे ते रोज चहाला यायचे आणि दोघं मिळून सरकारला नावं ठेवायचे. महिन्याभराने ते आले, बाबांच्या रिकाम्या स्टुलाकडे न बघता माझ्याजवळ बसले आणि म्हणाले, नुकसानभरपाई वगैरे मागायची नाही. नियम बदला म्हणायचं. गाडीने सगळ्यात जवळच्या रुग्णालयात जावं, हद्द कुठलीही असो. मला ते पटलं. एवढ्या दिवसांत पटलेली ती पहिलीच गोष्ट होती.

सह्या गोळा केल्या इस्त्रीवाल्या काकूंनी. त्यांचं दुकान आमच्या मागच्या, चढावरच्या गल्लीत आहे. आमचं स्वयंपाकघर आणि त्यांचं दुकान यांची भिंत एकच, त्यामुळे आमची पोळी लाटली जाते तेव्हा पलीकडून इस्त्री आपटल्याचा आवाज येतो. काकूंच्या यजमानांना दम्याचा जुना त्रास. पूर्वी इस्त्री तेच करायचे, आता दारातल्या बाकावर बसून गिऱ्हाइकांशी गप्पा मारतात. काकू कपड्यांच्या गठ्ठ्याबरोबर कागद घेऊन घरोघर गेल्या. सही करा, नाहीतर शर्ट मिळणार नाही, असा त्यांचा खाक्या. दोन्ही गल्ल्यांत सही न केलेलं घर उरलं नाही. पुढच्या वस्तीतल्याही बऱ्याच सह्या त्यांनी आणल्या.

मजकूर मी लिहिला. पहिला खर्डा वाचून नकाशेकाकांनी चष्मा काढला. "अगं, नियमावर नियम लिहिलेस तर वाचणारा झोपेल. यात माणूस घाल."

मग मी एक परिच्छेद घातला. 'उदाहरणादाखल' असा तो सुरू होत होता. आमच्या गल्लीतल्या एका रहिवाशाला दुपारी छातीत दुखू लागलं, समोर रुग्णालय असताना त्याला कुठून कसं नेण्यात आलं, वाटेत काय झालं. बाबांबद्दल मी आजवर लिहिलेला तेवढाच मजकूर. त्यात विशेषण एकही नव्हतं. नकाशेकाकांनी सोबत नकाशा जोडला. रुग्णालय, मोठा रस्ता आणि पिवळ्या पेन्सिलीने रंगवलेली आमची गल्ली. सुंदर नकाशा होता. काकूंनी तो बघून विचारलं होतं की आमची मागची गल्ली का नाही रंगवली. काका म्हणाले, एक रंगवली की मुद्दा कळतो, दोन रंगवल्या की गोंधळ होतो.

त्यानंतर आम्ही चपला झिजवल्या. आरोग्य खात्याने सांगितलं की गाड्या परिवहनच्या. परिवहनने सांगितलं की हद्दी नियोजनच्या. नियोजनवाल्यांनी अर्ज उलटापालटा करून पाहिला आणि तो आरोग्यकडेच का दिला नाही म्हणून आमच्यावरच डोळे वटारले. एका खिडकीवरचा कारकून मला ओळखू लागला. माझा चेहरा दिसला की तो आधीच मान हलवायचा. काकू म्हणाल्या, हा माणूस स्वतःच्या बारशालाही 'नाही' म्हणतच आला असणार. मी हसले. बाबा गेल्यानंतर मी पहिल्यांदा हसले ती बहुधा त्या खिडकीपाशी.

आणि एक दिवस सुनावणीचं पत्र आलं.

सुनावणी घेणाऱ्या साहेबांची खोली वरच्या मजल्यावर होती. डोक्यावरच्या पंख्याचं बेअरिंग कोरडं पडलं होतं, ते मला दारातूनच ऐकू आलं. आम्ही तिघं आत गेलो, मी, नकाशेकाका आणि काकू. साहेब उभे राहिले. मला खुर्ची ओढून दिली. मी भांडायच्या तयारीने गेले होते आणि समोर भांडायला कुणी नव्हतं. त्यांनी अर्ज अक्षर न् अक्षर वाचला होता. त्या परिच्छेदाने आपल्याला झोप लागली नाही, असं ते म्हणाले, आणि मला ते खरं वाटलं. नकाशाची त्यांनी तारीफ केली. असं काम आता बघायला मिळत नाही, म्हणाले. नकाशेकाकांचे कान लाल झाले.

मग त्यांनी टेबलावर एक नवा नकाशा पसरला. तो काकांच्याच नकाशावरून केलेला होता. मोठ्या रस्त्यावरून जाणारी हद्दीची रेघ पुसली होती आणि आमच्या गल्लीच्या मागून नवी ओढली होती. आमची सगळी घरं समोरच्या रुग्णालयाच्या हद्दीत गेली होती.

"तुमची तक्रार रास्त होती," साहेब म्हणाले. "ती दूर केली आहे."

मी म्हणाले, आमची मागणी नियम बदलायची होती. त्यांनी मान डोलावली. हा प्रश्न येणार, हे त्यांना ठाऊक होतं. मग त्यांनी शांतपणे समजावून सांगितलं. पूर्वी हद्दी नव्हत्या. शहरभरच्या गाड्या याच एका गेटवर यायच्या, रांगा लागायच्या आणि रांगेत माणसं जायची. तेव्हाही नागरिकांनी अर्ज केला होता, गाड्या वाटून द्या म्हणून. हद्दीचा नियम त्या अर्जातून आला.

"त्यातही एक उदाहरण होतं," ते म्हणाले. "लहान मुलगी होती. गेटच्या बाहेर, रांगेत."

मी पुस्तकांत वाढलेली बाई. समोरच्याचं म्हणणं बरोबर असेल तर ते बरोबर आहे हे मला लगेच दिसतं, आणि अशा वेळी त्याचा काही उपयोग होत नाही.

काकू नकाशावर वाकल्या होत्या. आपलं दुकान कुठे, असं त्यांनी नकाशेकाकांना विचारलं. काकांनी बोट ठेवलं. नवी रेघ आमच्या स्वयंपाकघराच्या आणि काकूंच्या दुकानाच्या मधल्या भिंतीवरून गेली होती.

"म्हणजे भिंतीच्या अलीकडे पडलं तर समोर," काकू म्हणाल्या, "आणि पलीकडे पडलं तर बाजारातून."

"रेघ कुठेतरी काढावीच लागते, ताई."

मी विचारलं, अजून एक गल्ली मागे काढता येणार नाही का. साहेबांनी कागद चाळले. त्या गल्लीबद्दल आमच्यापुढे काही आलेलं नाही, म्हणाले. मी म्हणाले, सह्या आहेत.

"सह्या आहेत," ते म्हणाले. "घटना नाही."

ते हे निर्दयपणे म्हणाले नाहीत. त्यांच्या हातात जेवढं होतं तेवढं त्यांनी केलं होतं, आणि आपल्या हातात किती आहे हे आमच्याहून त्यांनाच जास्त कळत होतं. तक्रारीचं समाधान झालं असं मी, पहिली अर्जदार म्हणून, लिहून द्यायचं. मग सोमवारपासून आमच्या गल्लीला नवी हद्द लागू. लिहून दिलं नाही, तर प्रकरण वरच्या समितीकडे जाईल आणि तोवर जे आहे तेच चालू राहील. समिती कधी बसते, असं काकांनी विचारलं. साहेबांनी खिडकीबाहेर बघितलं.

मला आमच्या गल्लीतली माणसं दिसत होती. शिंप्याची म्हातारी आई. वरच्या मजल्यावरची दिवस भरत आलेली मुलगी. माझी आई, जी अलीकडे जिना चढताना मधे थांबते आणि कठड्याला धरून, मी पाहत नाही ना, ते बघते. या सगळ्यांच्या वतीने नाही म्हणायचा अधिकार मला कुणी दिला होता? आणि हो म्हणायचा तरी?

"सही कर," काकू म्हणाल्या.

"काकू, तुम्ही घरोघर फिरलात."

"फिरले. सही कर. तुझी आई भिंतीच्या अलीकडे झोपते."

मी सही केली. साहेबांना हायसं वाटलं, ते त्यांना लपवता आलं नाही. त्यांनी आमच्यासाठी चहा मागवला. आम्ही तो घेतला. चहा चांगला होता.

बसमध्ये नकाशेकाका सारखे म्हणत राहिले की दुसरी गल्लीही रंगवायला हवी होती, रंग होता माझ्याकडे. काकूंनी शेवटी त्यांना सांगितलं की काका, आता गप बसा, उतरायचं ठिकाण आलं.

गल्लीत बातमी आमच्याआधी पोचली होती. शिंपी दुकानातून धावत आला आणि त्याने माझा हात दोन्ही हातांत धरला. कुणीतरी म्हणालं, तुझ्या बाबांच्या जाण्याचं चीज झालं. मी आभार मानले. वर आईने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, पलीकडच्यांचं काय? मी सांगितलं. भिंतीपलीकडे काकूंनी दुकान उघडलं होतं, इस्त्रीचा आवाज सुरू झाला होता. आईने पोळ्यांचं पीठ मळायला घेतलं आणि ते बराच वेळ मळत राहिली.

आठवड्याने मी काकूंकडे गेले. नवा अर्ज करायचा होता, त्यांच्या गल्लीचा. खिडकीवरच्या कारकुनाने या वेळी मान न हलवता नीट माहिती दिली होती: अर्जदार बाधित हद्दीतले हवेत. म्हणजे माझी सही चालणार नव्हती. आमच्या गल्लीत कुणाचीच चालणार नव्हती. काकू तरीही विचारायला गेल्या होत्या. सगळ्यांनी त्यांना बसवलं, पाणी दिलं, आणि आपली नावं आता त्यात बसत नाहीत, असं सांगितलं. शिंपी तर म्हणाला, माझी फार इच्छा आहे हो. काकूंनी त्याची नक्कल करून दाखवली. नक्कल हुबेहूब होती.

अर्ज मात्र मीच लिहायचा, असं त्यांनी ठरवलं होतं. मागच्याला दाद मिळाली होती, तेव्हा हात तोच हवा. त्यांनी टेबलावरची चादर एका बाजूला सारली, मी कोपऱ्यात कागद मांडला. टेबल गरम होतं. काकूंचे यजमान नेहमीच्या बाकावर होते. पायऱ्या चढून आल्यासारखा त्यांचा श्वास चालू होता, पण ते बसूनच होते. नकाशेकाकांनी नवा नकाशा आणला होता. त्यात त्यांनी ही गल्ली, तिच्या मागची, आणि तिच्याही मागची, अशा सगळ्या रंगवल्या होत्या. पिवळा संपला म्हणून शेवटची हिरवी होती.

मी विषय लिहिला, मागणी लिहिली. नियमातली अडचण दोन परिच्छेदांत मांडली. मग थांबले.

"आता उदाहरण," नकाशेकाका सवयीने म्हणाले.

काकूंनी इस्त्री उभी केली. "आमच्याकडे कुठलं आलंय उदाहरण अजून?"

"माझं नाव घालून ठेव ना," बाकावरून काकूंचे यजमान म्हणाले. "मागाहून तुमची धावपळ नको. तारीख तेवढी कोरी ठेव."

आणि ते हसायला लागले. हसता हसता त्यांना ढास लागली. काकू लगबगीने गेल्या, त्यांच्या पाठीवरून हात फिरवत उभ्या राहिल्या. नकाशेकाका आपल्या नकाशाकडे बघत होते. ढास थांबायला वेळ लागला. थांबल्यावर यजमान म्हणाले की गंमत केली, एवढं काय त्यात.

मी म्हणाले, उदाहरणाशिवायच देऊ. मुद्दा पुरेसा स्पष्ट आहे.

"मुद्द्याला कुणी विचारत नाही, तू होतीस ना तिथे," काकू म्हणाल्या. त्यांचा हात अजून यजमानांच्या पाठीवरच होता. "पुढचं लिही. तेवढी जागा सोड."

मी चार ओळींची जागा सोडली आणि खालचा परिच्छेद लिहायला घेतला.