दोन सारखी यंत्रं

पाच दिवस जिना चढून उतरून जहांगीरचे गुडघे बोलायला लागले होते. वर, बिरवाडीतल्या घराच्या गच्चीवर त्याच्या मुलीचं, नौशीनचं, यंत्र होतं. तसंच दुसरं समोरच्या गच्चीवरून उजेडातून रेकॉर्ड केलेलं बोलणं पाठवायचं. वाटेत कोणी चोरून ऐकू नये म्हणून ते बोलणं वेड्यावाकड्या चमचमाटात लपवलेलं होतं. हुबेहूब सारख्या यंत्रालाच तो गोंधळ बाजूला काढता यायचा. पण खाली खोलीत हेडफोन लावून बसलेल्या नौशीनला रोज दुपारी नुसती खरखर ऐकू येई. आज चार वाजता पुण्याहून तिचे कॉलेजातले सर यंत्रं परत न्यायला येणार होते.

"एक जरा गार पडलं तरी बिघडतं, अब्बा," ती थकून म्हणाली. "पण ऊन तर दोघांवर सारखंच आहे."

"सारखं नाय, गो," जहांगीर खाली बघत म्हणाला. "सकाळी तू तपासून उतरलीस की तापू नये म्हणून आपल्या यंत्रावर मी ओलं गोणपाट टाकतो, उजेड येतो ती काच तेवढी सोडून. कुवेतला पाण्याच्या कॅनवर टाकायचो तसं."

"आणि समोरच्यावर?"

"तिकडं चढायला गुडघे कुठं हायेत?"

ती रागावलीसुद्धा नाही. गोणपाट काढून दोघं यंत्र तापायची वाट बघत बसली. तीनच्या सुमारास हेडफोनमध्ये शब्द स्पष्ट आले. नौशीननं वहीत वेळ लिहिली आणि भिंतीला टेकून तिथंच झोपली.

गाडी दारात आली तेव्हा जहांगीर एकटाच बाहेर गेला. "आज न्यायची नाय, सर," तो म्हणाला. "जमलंय."