तीस टक्क्यांचा जिन

त्या सकाळी सोनकुलच्या कुरणावर घोड्या दोहायच्या राहिल्या. सगळी वस्ती उमसुनायच्या तंबूत घुसली होती. तिच्या सुनेच्या लॅपटॉपला जिन लागला होता आणि वस्तीचा मांत्रिक, तोकोबाय बक्षी, तो काढणार होता.

लॅपटॉप जुनाट. सुनेच्या भावाने शहरात त्यात लिनक्स घालून दिलं होतं आणि झाकणावर पेंग्विन चिकटवला होता. रोज पडद्यावर तीस टक्के बॅटरी शिल्लक दिसायची आणि यंत्र फट्कन काळं पडायचं. इशारा नाही, काही नाही.

"पोट रिकामं असतं तर समजलो असतो," बक्षी चाबूक नाचवत म्हणाला. "पोटात तीस टक्के जेवण असताना कोण मरतं? ज्याला बाहेरची बाधा झालीय तोच! आणि हा पक्षी बघा. पंख आहेत, पण उडत नाही. काळा कोट घालून माणसासारखा उभा राहतो. हा पक्षी नव्हेच!"

"तोबा, तोबा!" बायका मागे सरकल्या.

सून सलकिन कोपऱ्यात ओठ चावत उभी होती. बारा वाजता तिची गुरांच्या डॉक्टरीची परीक्षा होती, याच लॅपटॉपवर. नेटवर्क यायचं फक्त टेकडीच्या माथ्यावर आणि सौर पॅनेलची वायर पोचायची तंबूच्या दारापर्यंत. वर दोन तास बॅटरीवरच काढायचे. हुकलं, की परीक्षा पुढच्या वर्षी.

बक्षीने लॅपटॉप आपल्या जाड लोकरी नमद्याच्या पिशवीत सारला. "डोळे मिटा सगळ्यांनी! उघडा डोळा दिसला की जिन त्यातूनच आत शिरतो."

सगळ्यांनी मिटले. उमसुनायने एकच मिटला. दुसऱ्याने तिला दिसलं, की बक्षीचं तोंड मंत्र म्हणतंय आणि हात मात्र पिशवीत, सुईत दोरा ओवावा तसा काहीतरी कशात तरी खुपसतोय.

थोड्या वेळाने पिशवीच्या तोंडातून निळा उजेड पडला. गर्दी हुंकारली.

"पळाला! पण परत येईल. चाळीस दिवस हे यंत्र माझ्याच पिशवीत राहू द्या."

"चाळीस दिवस?" सलकिनचा आवाज फुटला. "आपा, माझी परीक्षा!"

"जिनला शेजारी बसवून परीक्षा देणार काय?" एक म्हातारा गुरगुरला.

उमसुनाय उठली आणि तिने पिशवीवर हात ठेवला. "तोकोबाय, तुझा जिन कोमट लागतोय रे. ताप आलाय का त्याला?"

"हात लावू नका आपा, भाजेल!"

"साठ वर्षं दूध उकळवलंय मी." तिने पिशवी उलटी केली. लॅपटॉप बाहेर आला, मागून वायर आली आणि वायरीच्या टोकाला काळी वीट. पॉवर बँक!

उमसुनायने वायरीचं टोक बक्षीपुढे धरलं.

"यंत्र काल तपासायला नेलंस ते चार्जिंगच्या भोकाचं माप घ्यायला, होय ना?"

"आपा, शक्ती कुठल्याही रूपात येते..."

"येते की. ही विजेच्या रूपात आलीय."

सलकिनने वही पुढे केली. "मी टिपून ठेवलंय, आपा. एकतीस, तीस, बत्तीस. दर वेळी तिथेच पडतो. बॅटरी म्हातारी झालीय, तिचा आकडा खोटा बोलतो. लिनक्सला सांगितलेलं असतं, की दोन टक्के उरले की काम जपून ठेव आणि झोप. ते बिचारं दोनची वाट बघत बसतं, आणि दोन कधी येतच नाही."

"तुझ्या सासऱ्यासारखंच की. 'अजून दम आहे' म्हणायचे आणि खोगिरावरच घोरायचे. मग चाळिसालाच झोपायला सांग त्याला."

"सकाळीच सांगितलंय."

"मग आधी बोलली का नाहीस?"

"बोलले होते. तुम्हीच म्हणालात, बक्षीला बोलवू."

उमसुनायने डोक्याचा रुमाल घट्ट केला. "म्हणाले खरी. चुकले." मग ती गर्दीकडे वळली. "आणि तुम्हीही चुकलात. कुणी डोळे मिटायला सांगितलं, की आधी त्याच्या हाताकडे बघा. यंत्र बिघडलं तर त्याने कधी, किती वेळा मान टाकली ते लिहून काढा. एवढं माझ्यासारख्या दोन इयत्ता शिकलेल्या बाईला जमतं, तुम्हाला का जमू नये?"

तिने पॉवर बँक सुनेच्या झोळीत टाकली. "जा. दोन तास पुरेल."

"आपा," बक्षी चाचरला, "ती वीट माझी आहे."

"आहेच," उमसुनाय म्हणाली. "चाळीस दिवसांनी ने."