वाचून आलेल्यांनी बसावं

बद्रीनाथनं पेपर आईच्या पुढ्यात ठेवला तेव्हा त्याला हसू आवरत नव्हतं. "आई, छापून आलीस तू! अर्धं पान!"

वच्छलाबाईंनी ओले हात पदराला पुसले, चष्मा लावला आणि पेपर खिडकीच्या उजेडात धरला. आधी फोटोच दिसला. डोक्यावर पदर, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, हातात पुस्तक आणि तोंड किंचित उघडं. मागं कुणीतरी रंगवलेली उडती तबकडी. वर ठसठशीत अक्षरांत मथळा : 'आजी निघाल्या चंद्रावर!'

खाली लिहिलं होतं की शहरातले विज्ञानकथा आणि अद्भुतकथांचे वाचक सध्या काय वाचतात याचा शोध घेताना आम्हाला नऊवारीतल्या एक आजी भेटल्या. उभा जन्म शेतात राबलेल्या. काय वाचता म्हणून विचारलं तर त्या लाजून म्हणाल्या, 'मला अडाणीला काय कळतंय बाबा त्यातलं! पन चांद-तारे बगून जीव रमतो.'

वच्छलाबाईंनी ते तीनदा वाचलं.

"ही कोण?" त्यांनी विचारलं.

"कोण म्हणजे? तूच की."

"मी असं बोलले नाय."

"अगं, पेपरवाले जरा मीठमसाला लावतातच. कंपनीतल्या सगळ्यांनी फोटो पाठवला मला. साहेबांनी अंगठा दिला."

"साहेबाचा अंगठा घाल चुलीत," वच्छलाबाई म्हणाल्या आणि पेपर घडी न घालताच टेबलावर टाकून स्वयंपाकघरात निघून गेल्या. बद्रीनाथ बघतच राहिला. आईचा राग त्याला माहीत होता, पण तो भांड्यांवर निघायचा. आज भांडी गप्प होती.

आता वच्छलाबाई अडाणी नव्हत्या, शेतात उभा जन्म राबलेल्या नव्हत्या आणि नऊवारी तर त्यांनी लग्नानंतर कधी नेसलीच नव्हती. वैजापूरकडच्या गावातून लग्न होऊन त्या चिकलठाण्याला आल्या आणि दोन वर्षांत एका बियाणं कंपनीत लागल्या. उगवण तपासायच्या खोलीत सव्वीस वर्षं काढली. शंभर-शंभर बिया ओल्या कागदात गुंडाळून ठेवायच्या, ठरल्या दिवशी उलगडायच्या, किती फुटल्या, किती कुजल्या, किती वेड्यावाकड्या उगवल्या ते वहीत लिहायचं. त्यांनी नापास केलेलं बियाणं मोठ्या साहेबांनाही पास करून घेता येत नसे. एकदा एक साहेब गोड बोलून आकडा बदलायला सांगायला आले, तर वच्छलाबाईंनी वही त्यांच्यापुढं सरकवली आणि म्हणाल्या, "तुम्हीच लिवा, अन् खाली सही पण तुमचीच करा." साहेब चहा न पिता गेले.

त्याच खोलीत, बिया फुटायची वाट बघताना, त्यांना वाचनाचा नाद लागला. लॅबमधल्या एका मॅडमनी परग्रहावरच्या शेतीची एक कादंबरी हातात दिली. वच्छलाबाईंनी ती तीन दिवसांत संपवली आणि चौथ्या दिवशी मॅडमना सांगितलं की या माणसानं जन्मात कधी बी पेरलेलं नाही. मॅडम हसल्या आणि दुसरं पुस्तक दिलं. तेव्हापासून आजपर्यंत अंतराळ, राक्षस, जादूचे किल्ले, उद्याची जगं, मराठीत जे मिळेल ते त्यांनी सोडलं नव्हतं.

निवृत्त झाल्यावर त्या अद्भुत वाचक मंडळात जाऊ लागल्या. गुलमंडीत एका कापडदुकानाच्या माडीवर दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी सकाळी ही मंडळी जमत. दहा-बारा जण. मंडळ काढलं होतं सदाशिवराव देवळाणकरांनी. बँकेतून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले, आवाज भारदस्त, सदऱ्याला कायम इस्त्री. नियमही त्यांचेच. आल्याबरोबर प्रत्येकानं सांगायचं, सध्या काय वाचताय. आणि महिन्याचं एक पुस्तक ठरलेलं, ते सगळ्यांनी वाचून यायचं. या महिन्याचं पुस्तक होतं 'सातव्या चंद्रावरचं बियाणं'.

पेपरातली उमा नावाची मुलगी घरी आली होती, तेव्हा वच्छलाबाई तिच्याशी पाऊण तास याच पुस्तकावर बोलल्या होत्या. मुलगी भराभर लिहून घेत होती. मग फोटोवाला म्हणाला, आजी, डोक्यावर पदर घ्या ना, छान दिसेल. चष्मा जरा खाली. तोंडावर नवल आणा. आणि वच्छलाबाईंनी ते सगळं केलं होतं. पोरगं चांगलं बोलत होतं, कशाला मोडता घालायचा म्हणून केलं. आता ओट्याशी उभं राहून त्यांना तेच जास्त लागत होतं. बियाण्याचा आकडा साहेबाला बदलू दिला नाही, आणि स्वतःचं तोंड एका पोराच्या सांगण्यावरून उघडलं.

त्यांनी सदाशिवरावांना फोन लावला.

"वाचलंत का वच्छलाबाई?" पलीकडून आवाज आला. "अहो, सकाळपासून फोन थांबत नाहीये माझा. मंडळाचं नाव झालं!"

"त्यात माझं एक वाक्य खरं नाय, साहेब. तुम्ही पेपरला कळवा."

"आता एवढं काय मनाला लावून घेता? मीच त्यांना म्हटलं होतं, जरा गमतीशीर करा, लोक वाचतील. तुमच्यासारखी साधी बाई अशी पुस्तकं वाचते, याचं कौतुकच आहे ना ते?"

"तुम्ही सांगितलं व्हय," वच्छलाबाई एवढंच म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला.

पुढच्या रविवारी त्या गुलमंडीत पोचल्या, तर माडीच्या जिन्यावरच चपलांचा ढीग. वर पन्नासेक माणसं. खुर्च्या कमी पडल्या म्हणून लोक भिंतीला टेकून उभे होते. समोर टेबल, टेबलावर शाल आणि नारळ, आणि मागं पेपरातला तोच फोटो मोठा करून लावलेला. त्या दारात दिसताच निम्म्या लोकांनी फोन वर केले. एक बाई लाडानं म्हणाली, "आल्या बाई आपल्या चंद्रावरच्या आजी!"

"या, या!" सदाशिवराव पुढं आले. "आज आधी तुमचा सत्कार. मग तुम्ही दोन शब्द बोला, आपल्या गावाकडच्या भाषेत. लोकांना तेच ऐकायचंय."

वच्छलाबाई टेबलापर्यंत गेल्या. शाल उचलली, नीट घडी करून खुर्चीवर ठेवली. मग मागं वळून भिंतीवरचा फोटो काढला आणि तो उलटा करून भिंतीशी टेकवला. लोकांना आधी वाटलं, हाही गमतीचाच भाग. कुणीतरी टाळी वाजवली.

"फोन खाली घ्या," वच्छलाबाई म्हणाल्या. आवाज मोठा नव्हता, पण टाळी थांबली. "हे वाचायचं मंडळ हाय, जत्रा नाय. इथला पहिला नियम, आल्याबरोबर सांगायचं, सध्या काय वाचताय. सांगा. तुम्ही, ताई. आत्ता मला आजी म्हणालात त्या. काय वाचताय?"

बाई हसली. "मी... तसं हल्ली वेळच मिळत नाही."

"तुम्ही?"

"आम्ही तुम्हाला बघायला आलो, आजी. जटवाड्याहून."

"मला काय बघायचंय? माझ्या डोक्यावर शिंगं हायेत का?" आता आवाज चढला. "'सातव्या चंद्रावरचं बियाणं' कुणी वाचलंय? ज्यानं वाचलंय त्यानं बसावं. नाय वाचलं त्यानं उठावं आन् घरी जावं. वाचा, मग पुढल्या महिन्यात या, मी स्वतः चहा देते. पण फुकाट तमाशा बघायला कुणी थांबू नका."

माडीवर चुळबुळ सुरू झाली. कुणी ओशाळलं, कुणी रागावलं. "काय उद्धट बाई आहे," असं एक जण नीट ऐकू जाईल इतक्या जोरात म्हणाला आणि जिना उतरला. त्याच्यामागं बाकीचे.

सदाशिवरावांचा चेहरा लाल झाला होता. "वच्छलाबाई, हे मंडळ मी काढलंय. कोण बसेल, कोण उठेल हे तुम्ही ठरवणार?"

"मी नाय, तुमचा नियम ठरवतो," वच्छलाबाई त्यांच्याकडं वळल्या. "साहेब, कप्तानाची पोरगी शेवटी बियाण्याची पेटी कुणाच्या हाती देते?"

सदाशिवरावांनी तोंड उघडलं. मंडळातले जुने सगळे त्यांच्याकडं बघत होते. "ते... म्हणजे शेवट प्रतीकात्मक आहे," ते म्हणाले.

"ती पेटी कुणालाच देत नाय. पोरगी मधीच मरते, शंभराव्या पानाच्या आतच," वच्छलाबाई म्हणाल्या. "तुम्ही मागच्या कव्हरावरचा मजकूर वाचून येता, साहेब. मला दीड वर्षापासून म्हाईत हाय. तुमची इज्जत राखावी म्हून कधी बोलले नाय. पण तुम्ही मला पेपरात अडाणी म्हणवलंत. आन् इथं ठरलेलं पुस्तक न वाचता दर महिन्याला पहिलं भाषण कोण ठोकतं?"

सदाशिवरावांनी शाल उचलली, नारळ तिथंच राहिला. जिन्यावर त्यांची पावलं बराच वेळ वाजत राहिली.

माडीवर आता सात माणसं उरली होती, आणि दाराशी एक मुलगी उभी होती. उमा. तिचे डोळे भरले होते.

"आजी... मावशी," ती म्हणाली, "मी तुम्ही सांगितलेलं सगळं लिहिलं होतं. बियाण्याचं, कंपनीचं, सगळं. वरिष्ठांनी कापलं. ते वाक्यही त्यांनीच घातलं."

"खाली नाव कुणाचंय?"

"माझं."

"मंग? मी सही करत होते तर आकड्याची जिम्मेदारी माझीच होती. मोठ्या साहेबांनी सांगितलं म्हून मी कवा आकडा बदलला नाय." वच्छलाबाईंनी तिचे डोळे पाहिले, पण त्यांना दया आली नाही. आलीही असेल, तर त्यांनी ती दाखवली नाही. "पुस्तक वाचलंस का?"

"अर्धं झालंय."

"अर्धं वाचलेलीनं दाराशी बसावं. मधी बोलायचं नाय."

उमा दाराशी सतरंजीवर बसली.

पंधरवड्यानं पेपरच्या आतल्या पानावर, हवामानाच्या खाली, दोन ओळी आल्या. वच्छलाबाई या शेतकरी नसून बियाणं कंपनीतील निवृत्त कर्मचारी आहेत, असं त्यात होतं. अडाणीपणाच्या वाक्याबद्दल चकार शब्द नव्हता. बद्रीनाथनं त्या ओळी दाखवल्या आणि विचारलं, "झालं ना आता समाधान?"

"कशाचं?" वच्छलाबाई म्हणाल्या. "फोटो अर्ध्या पानाचा आन् माफी बोटभर?" त्यांचा राग गेला नव्हता आणि तो जावा असं त्यांना वाटतही नव्हतं. सदाशिवरावांनी सिडकोत नवं मंडळ काढल्याचं कानावर आलं. तिथं गर्दी चांगली होते म्हणे.

पण ते सगळं नंतरचं. त्या रविवारी उरलेल्यांनी खुर्च्या गोल केल्या आणि वच्छलाबाईंनी पुस्तक उघडलं. पानापानांत कागदाच्या चिठ्ठ्या होत्या.

"दोनशे वर्षं जहाज चालतंय," त्या म्हणाल्या. "पेटीत बियाणं. उतरतात, पेरतात, आन् पीक कमरेला लागतंय. आता मला सांगा, बी मेलं कामून नाय? बी जित्तं असतंय, ते श्वास घेतं. थंडीत ठेवलं तर टिकतं, पण कायम नाय टिकत. दर काही वर्षांनी थोडं पेरायचं, नवं धरायचं, पुन्हा साठवायचं. दोनशे वर्षं हे कुणीतरी केलं असंल. आई मेली की लेकीनं, लेक मेली की नातीनं. सबंध पुस्तकात तिच्यावर एक ओळ हाय, एकशे बाराव्या पानावर. 'बियाणं सांभाळणारी बाई दाराशी उभी होती.' बस! कप्तानाच्या मिशीवर दोन पानं, आन् जिनं सगळ्यांचं पोट वाचवलं तिला नाव पण नाय!"

लक्ष्मण, मंडळातला सगळ्यात तरुण, औषधाच्या दुकानात काम करणारा, जरा भीतभीतच म्हणाला, "मावशी, पण कादंबरी युद्धाची आहे. लेखकानं सगळंच कसं लिहायचं?"

"युद्धाची?" वच्छलाबाई उसळल्या. "लक्ष्मण, ती दोन जहाजं भांडतात कशापायी? त्या पेटीपायीच ना? मंग ती पेटी जिच्या हातात हाय ती बाई दाराशी उभी कशी राहील? मधोमध नको?"

"पण तिला मधे आणलं तर कप्तानाचा शेवट बदलेल."

"बदलू दे!"

"मग ते पुस्तकच दुसरं होईल, मावशी."

"व्हय! तेच म्हणतेय मी! ते दुसरंच पुस्तक पायजे होतं!"

लक्ष्मण हटला नाही. त्यानं आपली प्रत उघडली, एक पान काढलं आणि म्हणाला, "थांबा, हा उतारा ऐका आधी, मग बोला." वच्छलाबाईंनी चष्मा वर सरकवला, हात छातीशी बांधले आणि रागानंच म्हणाल्या, "वाच."