चिंचोक्याएवढा चेहरा

"काका, किती डीपीआयवर स्कॅन करू? तीनशे, सहाशे, की बाराशे?" स्कॅनरचं झाकण उघडं धरून विपुलने विचारलं.

आत्मारामला आठवेना. नातीने, अनुष्काने, सकाळी फोनवर चांगलं पढवलं होतं. पण राई गावातून भाईंदर पूर्वेच्या या दुकानात पोचेपर्यंत आकडा डोक्यातून पार निसटला. "जो मोठा हाय तो," तो म्हणाला. जास्त म्हणजे चांगलंच, एवढं तर शेंबडं पोरही सांगेल.

फोटो त्याच्या धाकट्या भावाच्या लग्नातला. मांडवात दाटीवाटीने उभी असलेली माणसं आणि मागच्या रांगेत चिंचोक्याएवढ्या चेहऱ्याची मनोरमा, आत्मारामची बायको. परवा तिचं वर्षश्राद्ध. अख्खा फोटो भिंतीवर लावावा, तर त्यातली निम्मी माणसं अजून हिंडतफिरत होती. जित्या माणसाला हार कसा घालणार? म्हणून तिला एकटीलाच त्यातून बाहेर काढायचं होतं. दुसरा फोटो नव्हता. मोबाइल दिसला की बाई तोंडावर पदर घ्यायची. आधारकार्डावर होता एक, पण तो पोलिसांनी धरून आणल्यासारखा.

बाराशेवरचा चेहरा पडद्यावर मोठा झाला आणि आत्माराम गोंधळला. नाक नाही, डोळे नाहीत. नुसते ठिपके आणि कागदाची खरखर.

"आनखी मोठा कर. मंग दिसंल."

"काका, फोटोत आहे तेवढंच येणार ना. मशीन नवीन कुठून आणणार? जास्त केलं तर कागदच मोठा दिसतो."

हे मात्र त्याला कळलं. उभा जन्म मिठागरात गेला होता. खाडीचं पाणी गोडसर असलं, की कितीही आत घ्या, मीठ पडायचं तेवढंच पडायचं. कळलं, पण पटेना. परवा पाहुणे जमणार, त्यांना दाखवायचं काय?

विपुलला दया आली. "थांबा, एआयला देतो. वो सब क्लियर करके देगा."

थोड्या वेळाने पडद्यावर एक बाई आली. नितळ गाल, रेखीव भुवया, समोर रोखून पाहणारे डोळे.

"मस्त आली ना काकी?"

"ही कोन?"

विपुल हसला, मग थांबला. "काकीच आहे. याच फोटोतून बनवलंय."

आत्माराम पडद्याजवळ सरकला. नाक तिचंच वाटत होतं. हनुवटीही असेल. वर्षभरात आपणच तिचा चेहरा विसरलो की काय? जिच्या हातचं जन्मभर खाल्लं ती समोर यावी आणि ओळखू येऊ नये? त्याला स्वतःची शरम वाटली. कोणाला विचारावं म्हटलं, तर विचारायचं तरी काय?

त्याने मूळ फोटो उचलला, चष्मा कपाळावर सरकवला आणि फोटो पार डोळ्यांजवळ नेला. मनोरमा कॅमेऱ्याकडे बघतच नव्हती. तिची मान डावीकडे वळली होती, फोटोच्या बाहेर.

मग त्याला आठवलं. या फोटोत तो नव्हताच. मिठागरावरून यायला उशीर झाला होता. फोटोवाला 'हलू नका' म्हणून ओरडत असताना तो मांडवाच्या तोंडाशी पोचला, आणि सगळ्यांत एकटी मनोरमा वळली होती.

"या बाईला पूस," तो विपुलला म्हणाला. "लहानच काढ. जवरी दिसते तवरी."

"मग तीनशे बस होतात. पण पोस्टकार्डापेक्षा छोटा येईल, काका. लोकांना दिसणार नाही नीट."

"मना दिसंल."

वर्षश्राद्धाला आणलेला हार फोटोपेक्षा मोठा निघाला. मनोरमा त्यात पार झाकून गेली. आत्मारामने तो काढला आणि एकच फूल चौकटीवर टेकवलं. भावकीचं म्हणणं पडलं, फोटो समोरच्या भिंतीवर लाव, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल. त्याने कोणाचं ऐकलं नाही. दाराच्या उजव्या अंगाला, दाराच्याच भिंतीत खिळा ठोकला, तिची मान दाराकडे येईल असा.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो नाक्यावरून परतला. घरात कोणी नव्हतं. त्याने चपला काढल्या, दारातच जरा थांबला.

"आलो गो," तो म्हणाला.