केसभर उशीर

ध्वनिमुद्रकाने संगणकाच्या पडद्यावरचा ड्रमचा एक ठोका तालाच्या रेघेच्या किंचित मागे ओढला आणि वहिनीकडे पाहिलं.

"असा?"

"जरा जास्तच मागे गेला, भाऊजी. हे उशीर करायचे, पण गाडी चुकेल इतका नाही."

थोरल्या भावाचा उशीर हा घरातला हक्काचा विनोद होता. स्वतःच्या लग्नालाही तो नवरीनंतर पोचला होता, आणि ड्रमवर तर त्याचा प्रत्येक ठोका केसभर मागे. तेवढं केसभर धाकट्या ध्वनिमुद्रकाच्या डोळ्यांत वीस वर्षं खुपलं. भाऊ वाजवून घरी गेला की हा क्वांटाइझचं बटण दाबायचा, आणि यंत्र एकेका ठोक्याला कान धरून जवळच्या रेघेवर नेऊन बसवायचं. मूळ वादन उगाच जागा अडवतं म्हणून तो ते लगोलग पुसून टाकी. माणूस टापटिपीचा. कचरा साठवणं त्याच्या स्वभावात नव्हतं.

भाऊ जाऊन दीड वर्ष झालं. वहिनीला त्याचा हात ऐकायचा होता. शोधल्यावर एकशे बारा गाणी निघाली आणि एकशे बाराही शिस्तीत उभी. पहिलंच ऐकून ती म्हणाली होती, "भाऊजी, हे तर घड्याळ वाजतंय."

म्हणून आज सकाळपासून दोघं पुसलेला उशीर पुन्हा पेरत बसली होती.

त्याने सगळे ठोके एका मापाने मागे सरकवले.

"आता घड्याळच मागे पडलं," वहिनी म्हणाली. ती शाळेत भौतिकशास्त्र शिकवायची. "मी मुलांना सांगते, इलेक्ट्रॉन या पायरीवर असेल, नाहीतर त्या पायरीवर. मधे उभं राहायला जागाच नाही. आणि आमचे हे जन्मभर मधेच!"

दोघंही हसली. हसू लवकर संपलं.

मग त्याने एकेक ठोका अंदाजाने हलवायला घेतला. दुपार कलेपर्यंत चार नमुने तयार झाले. वहिनीने डोळे मिटून पहिला ऐकला.

"असेच वाजवायचे."

दुसरा ऐकला.

"हो, असेच."

तिसऱ्यालाही मान हलली. चौथ्याला हलता हलता थांबली. तिने डोळे उघडले.

"भाऊजी, मला आता सगळेच त्यांचे वाटायला लागलेत. तुम्हीच सांगा. तुम्ही तर वीस वर्षं जवळून ऐकलंत."

त्याने हेडफोन कानांवर घट्ट दाबले. ऐकलं होतं खरं, पण चूक कुठे आहे एवढ्यापुरतंच. ती सापडली की हात बटणाकडे जायचा. त्यापुढचं ऐकायला तो कधी थांबलाच नव्हता.

चौथा संपला. त्याने पहिला पुन्हा लावला, मग तिसरा. वहिनी त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. त्याने तिच्याकडे पाहिलं नाही.

तिने पर्समधून पेनड्राइव्ह काढून टेबलावर ठेवला.

"राहू द्या," ती म्हणाली. "कुठलाही द्या."