दुसरी खाच

"आता चढ लागेल, धरून बस," काटेवाले मान थोडी मागे करून म्हणाले.

मागून उत्तर आले नाही, पण त्याचे त्यांना काही वाटले नाही. हेल्मेट घातले की त्यांच्या पत्नी, म्हणजे सगळ्यांच्या सिस्टर, कमीच बोलत. घरात काटेवाल्यांनी ऐकायचे आणि गाडीवर सिस्टरांनी, अशी त्या संसारात कामाची वाटणीच झालेली होती. चढ संपेपर्यंत काटेवाल्यांनी बरेच काही सांगून टाकले. लग्न झाल्यावर आपण याच रस्त्याने आलो तेव्हा खाडीवर पूल नव्हता, होडी बंद होती आणि रजा संपली म्हणून परत फिरलो, हे सांगितले. दीपगृह बघायचे राहिले ते राहिलेच, पण उद्या दुपारी त्याच्या पायरीवर बसून डबा खाऊ, हेही सांगितले. कालच्या बंदरावरचा मासळीचा काटा किलोमागे तीस ग्रॅम खातो आणि ते त्या लिलाववाल्या बाईला पक्के ठाऊक आहे, हे त्यांनी दोनदा सांगितले.

माथ्यावर आल्यावर समोर समुद्र पसरला. काटेवाल्यांनी गाडी कडेला घेतली, दोन्ही पाय घट्ट रोवले आणि गाडी सरळ धरून म्हणाले, "उतर. पाय मोकळे कर जरा."

कोणी उतरले नाही. ते थोडा वेळ तसेच थांबले. सिस्टरांचा गुडघा हल्ली कुरकुर करी, उतरायला वेळ लागे. मग त्यांनी मागे वळून पाहिले.

सीट रिकामी होती. उन्हाने तापलेली. बाजूच्या पिशवीत पाण्याचा दहा लिटरचा कॅन मात्र व्यवस्थित बसलेला होता.

काटेवाले तसेच मागे फिरले. परत येताना त्यांनी गाडी सायकलच्या वेगाने चालवली. प्रत्येक वळणावर कठड्यापलीकडे वाकून पाहिले. एका ठिकाणी सिस्टरांच्या हेल्मेटसारखे काहीतरी निळे दिसले म्हणून उतरले, तर ते प्लास्टिक निघाले. प्रार्थना त्यांना रोज पाठ असे, पण आता दोन शब्दांपलीकडे काही आठवेना. प्रभू, नको. प्रभू, नको.

पेट्रोल पंपाच्या सावलीत सिस्टर प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून बशीतला चहा पीत होत्या. हेल्मेट मांडीवर होते. शेजारी पंपवाली बाई हसून हसून डोळे पुसत होती.

"अकरा किलोमीटर," काटेवाले म्हणाले.

"मी म्हटलं होतं, अर्धा तास तरी लागेल," सिस्टर पंपवालीला म्हणाल्या. "तुम्ही म्हणत होतात, पहिल्या वळणावरच कळेल. बघा, मी माझ्या माणसाला ओळखते."

"आमच्यांना पहिल्या खड्ड्यातच कळतं," पंपवाली आपल्या ऐसपैस देहाकडे बघत म्हणाली. "मी नसले तर गाडी पाखरासारखी उडते म्हणतात. मेलं माझं वजनच तसं."

तिघेही हसले. सगळ्यांत आधी काटेवाले हसायचे थांबले.

चाळीस वर्षे त्यांनी वजनकाटे दुरुस्त केले होते. धान्याच्या दुकानातले, पोस्टातले, सोनाराचे काचेच्या पेटीतले. गल्लीत त्यांना खऱ्या नावाने कोणी हाक मारीत नसे. बाजारातून आलेली पिशवी ते एका बोटावर तोलून "पावणेतीन" म्हणत आणि ती पावणेतीनच भरे. चर्चमध्ये खऱ्या मापावर प्रवचन झाले की पाळकांची नजर हमखास त्यांच्या बाकाकडे जाई. सिस्टरही त्यांना काट्यामुळेच भेटल्या. बाळंतिणींच्या वॉर्डातला बाळे तोलायचा काटा प्रत्येक बाळाला शंभर ग्रॅम कमी दाखवी आणि आया रडत. ही तरुण नर्स थेट दुकानात येऊन म्हणाली होती, "तुमचा काटा खोटं बोलतो आणि समजूत मला घालावी लागते."

गाडीवर बसायचीही त्यांची एक रीत होती. काटेवाले पुढे बसत, टाकीवर हात ठेवून डोळे मिटत आणि चार ओळींची प्रार्थना करीत. तेवढ्यात सिस्टर मागे चढत. मागची स्प्रिंग दबली की काटेवाले "आमेन" म्हणून क्लच सोडत. "बसलीस का" हे इतक्या वर्षांत विचारावे लागले नव्हते. स्प्रिंग कडक-नरम करायच्या पाच खाचा होत्या, त्यांतली चौथी सिस्टरांची. लेक लहानपणी तिला 'मम्मीची खाच' म्हणे.

"हा कॅन पिशवीत तुम्ही ठेवलात?" त्यांनी पंपवालीला विचारले.

"हो तर. ताईंनीच भरायला दिला होता. तुम्ही डोळे मिटून बसलेले, ताई आत तोंड धुवायला गेलेल्या. म्हटलं, आमेन व्हायच्या आत ठेवून टाकावा." आणि मग या माणसाच्या चेहऱ्यावरून चेष्टा सरली आहे हे तिला दिसले असावे, कारण ती उठून पंपाच्या पलीकडच्या नळीशी काहीतरी खुडबुड करायला गेली.

दहा लिटर पाणी. स्प्रिंग जरा दबली होती, आणि त्यांनी आमेन म्हटले होते.

काटा एका दिवसात बिघडत नाही, असे ते दुकानातल्या पोरांना शिकवीत. रोज केसाएवढा सरकतो. रोज बघणाऱ्याला दिसत नाही, परक्याला दिसतो. आता त्यांना एकेक दिसू लागले. सिस्टरांनी अंगठी दोऱ्याने गुंडाळून घट्ट केली होती. निवृत्तीनंतर गणवेश सुटल्यावर ऐटीत शिवलेले ब्लाउज हिवाळ्यात बसून शिवण मारून आत घेतले होते. कालच्या बंदरावर काटेवाल्यांनी हौसेने मोठ्या काट्यावर चढायला सांगितले, तर "बाईचं वजन चारचौघांत विचारू नये" म्हणून त्या समुद्र बघायला निघून गेल्या होत्या.

"बस जरा मागे," ते म्हणाले.

सिस्टर बसल्या. काटेवाल्यांनी हँडल धरून ठेवले.

"उतर. आता परत बस."

"मी काय बटाटे आहे?"

"किती?" काटेवाल्यांनी विचारले.

"सेहेचाळीस."

"पासष्ट होतं."

"साठ."

"पासष्ट. मला नको सांगूस."

सिस्टर खाली उतरल्या. त्यांनी हेल्मेट सीटवर ठेवले आणि वॉर्डात एखाद्या पेशंटच्या नातेवाइकाला बाजूला घेत, तसे नवऱ्याला कोपर धरून भिंतीच्या सावलीत नेले. तपासण्या दीड महिन्यापूर्वीच झाल्या होत्या. आजाराचे नाव त्यांनी एकदाच घेतले आणि स्वच्छ घेतले. दवाखान्यात दाखल व्हायची तारीख पुढच्या सोमवारची होती. डॉक्टर आधीच्या आठवड्यातही घ्यायला तयार होते, पण आठ दिवसांनी फरक पडणार नाही असे तेच म्हणाले, आणि त्या म्हणण्याचा अर्थ नर्सला कोणी समजावून सांगावा लागत नाही.

"तिला माहीत आहे?" काटेवाल्यांनी लेकीबद्दल विचारले.

"नाहीतर टायर तिने उगीच बदलून दिले? आधी रडली, भांडली. मग म्हणाली, निदान टायर तरी नवीन घाला."

काटेवाल्यांनी गाडी स्टँडवरून काढली आणि तिचे तोंड घराच्या दिशेला वळवले. निघालो तर उद्या रात्रीपर्यंत घर. परवा दवाखाना. ते मनात हिशेब मांडत राहिले आणि सिस्टर जागच्या हलल्या नाहीत.

"बस," ते म्हणाले.

"घरी नेणार असाल तर हा कॅनच न्या. मी ह्या बाईंकडे राहते. चहा चांगला करतात."

"चेष्टेची वेळ आहे का ही?"

"मग कधी करू?" सिस्टर म्हणाल्या. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "अहो, अकरा किलोमीटर माझ्याशिवाय गेलात. आता दोनशे माझ्याबरोबर चला. दीपगृह बघू, डबा खाऊ, रविवारी जिथे असू तिथल्या चर्चमध्ये जाऊ. सोमवारपासून तुम्ही म्हणाल तसं. औषध चुकवणार नाही, कुरकुर करणार नाही. पण हे चार दिवस पेशंट व्हायचं नाही मला."

काटेवाले हँडल धरून उभे राहिले. आयुष्यभर त्यांनी एका पारड्यात वजन टाकून दुसऱ्याची वाट पाहिली होती. या खेपेला काटा स्थिरावायला फार वेळ लागला. एक ट्रक पेट्रोल भरून गेला. पंपवालीने लांबूनच एकदा पाहिले आणि पुन्हा पाठ केली.

मग त्यांनी गाडी स्टँडवर लावली, हत्यारांच्या पिशवीतून आकड्यासारखा वाकडा पाना काढला आणि मागच्या चाकाशी बसले. गंजाने आधी दाद दिली नाही. त्यांनी तेलाचे दोन थेंब सोडले, थांबले, पुन्हा जोर लावला. एक खाच सुटली. मग दुसरी.

"काय करताय?"

"चौथीवर दगडासारखी लागत असेल तुला. सगळे खड्डे हाडापर्यंत जात असतील. पाच दिवस तशीच बसलीस?"

"हो."

"तोंडाने सांगायचं नाही?"

"सांगितलं असतं तर का म्हणून विचारलं असतं तुम्ही," सिस्टर म्हणाल्या.

काटेवाल्यांनी दुसऱ्या बाजूची स्प्रिंगही दोन खाचा उतरवली, हात पुसले आणि गाडीचे तोंड पुन्हा चढाकडे केले. टाकीवर हात ठेवून डोळे मिटले. प्रार्थना चारच ओळींची होती, पण त्या दिवशी लांबली. मागची स्प्रिंग दबली, हलकी, पण आता स्पष्ट कळण्याजोगी. तरीही त्यांनी वळून पाहिले.

"बसलीस का?"

"बसले."

"आमेन."

दीपगृहाच्या पायऱ्या एकशे बारा निघाल्या. सिस्टर तीस चढल्या आणि तिथल्या खिडकीशी बसून म्हणाल्या, इथून दिसतो तेवढा समुद्र मला पुष्कळ आहे, तुम्ही वर जाऊन बाकीचा बघून या. काटेवाले वर गेले नाहीत. दोघांनी तिथेच डबा उघडला. अंडी, पाव आणि दोन केळी होती, आणि सिस्टरांनी आपले केळे पूर्ण खाल्ले. रविवारी अनोळखी चर्चमध्ये मागच्या बाकावर बसून त्या इतक्या मोकळ्या आवाजात गायल्या, की पुढची माणसे वळून बघू लागली. काटेवाले संध्याकाळी फोनवर लेकीला म्हणाले, टायर झकास आहेत.

सोमवारची तारीख त्यांनी चुकवली नाही. त्यानंतरचे दहा महिनेही सिस्टरांनी शब्द पाळला, कुरकुर केली नाही.

मागच्या महिन्यात लेकीने गाडी सर्व्हिसिंगला नेली, काटेवालेही बरोबर गेले. तिथल्या मेकॅनिकने दुसऱ्या खाचेवरची स्प्रिंग दाबून पाहिली. मामा आता एकटेच फिरतात, एकट्या माणसाला पहिली खाच पुरते, करून देतो, असे म्हणून त्याने पाना हातात घेतला.

"राहू दे," काटेवाले म्हणाले. "काटा बरोबर आहे."

रविवारी ते गाडीवरूनच चर्चला जातात. निघताना घराच्या फाटकाशी टाकीवर हात ठेवून डोळे मिटतात. आमेन म्हणून झाल्यावर क्लच लगेच सोडत नाहीत. दोन्ही पाय रोवून गाडी सरळ धरतात, गुडघा कुरकुरणाऱ्या माणसाला चढायला लागावा तेवढा वेळ, आणि मग निघतात.